माळवदाखालची माणसं: सेंट फॅगन्सहून जालन्याकडे पाहताना

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, पहिल्या दोन रांगा रिकाम्याच आहेत. जालन्यात पहिल्या रांगेत बसायला कुणी राजी नसतं, हे आम्हाला आता पाठ झालंय.

आजचा विषय आहे घर. राजवाडा नाही, किल्ला नाही. इतिहासाच्या व्याख्यानाला आलो म्हणजे मस्तगड, असईची लढाई, अन्व्याचं देऊळ असं काहीतरी ऐकायला मिळेल अशी अपेक्षा असते, आणि ती गैर नाही. पण आज आपण ज्या छपराखाली आपली आजी झोपायची त्या छपराबद्दल बोलणार आहोत. आणि त्यासाठी आधी थोडं लांब जाऊन यावं लागेल, पार वेल्समध्ये.

वेल्सची राजधानी कार्डिफ. तिथून पश्चिमेला चार मैलांवर सेंट फॅगन्स नावाचं खेडं आहे. आम्ही काही जण तिथं गेलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता, आणि तिथले लोक त्याला पाऊस म्हणतच नव्हते. फाटकातून आत गेलं की काचेच्या कपाटांची इमारत लागते खरी, पण खरं संग्रहालय तिच्या मागे, झाडीत आहे. पायवाटेनं चालत राहायचं. वळणावर एक शेतकऱ्याचं घर लागतं. पुढे पाण्यावर चालणारी लोकरीची गिरणी. मग प्रार्थनाघर, वाण्याचं दुकान, दारूचा गुत्ता, खाणकामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून बांधलेलं वाचनालय आणि सभागृह. चाळीसहून जास्त इमारती. यातली बहुतेक इथं मुळात नव्हतीच. वेल्सच्या कुठल्या कुठल्या गावांतून त्या उचलून आणल्या आहेत.

उचलून म्हणजे कशा? तर आधी घराची मोजणी. फोटो, आराखडे. मग प्रत्येक दगडावर, प्रत्येक तुळईवर आकडा घालायचा. मग घर सोडवायचं. 'पाडायचं' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरत नाही. आपल्याकडे शिवण उसवतात, तसं ते उसवायचं. गाडीवर घालून आणायचं आणि आकड्यांप्रमाणे पुन्हा रचायचं. हे काम करायला त्या संग्रहालयाकडे स्वतःचे गवंडी आहेत, सुतार आहेत, गवताचं छप्पर शाकारणारे आहेत. एक मध्ययुगीन चर्च आहे तिथं, सेंट टायलोचं. नदीकाठच्या दलदलीत ते पडीक झालं होतं. भिंतीवरचा चुना खरवडला तर आतून जुनी चित्रं निघाली. ते सोडवून, आणून, रंगवून पुन्हा उभं करायला वीसएक वर्षं लागली. 2007 साली ते लोकांसाठी उघडलं. वीस वर्षं एका देवळासाठी! आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटला की दोन महिन्यांत ग्रॅनाइट बसवून, ऑइलपेंट मारून मोकळे.

ही कल्पना वेल्सची नव्हे. स्टॉकहोमला आर्टुर हाझेलियस नावाच्या माणसानं 1891 साली स्कान्सेन उघडलं, तिथून ती आली. वेल्समध्ये ती आणली इयोरवर्थ पीट यांनी. सुताराचा मुलगा, वेल्श भाषेतला कवी आणि वेल्श घरांचा अभ्यासक. 1940 साली त्यांचं वेल्श घरावरचं पुस्तक आलं. 1946 साली प्लिमथच्या अर्लनं सेंट फॅगन्सचा आपला वाडा आणि भोवतालची जमीन दिली, आणि 1 जुलै 1948 ला संग्रहालय सुरू झालं.

ही तारीख लक्षात ठेवा. 1 जुलै 1948. त्या दिवशी आपण कुठं होतो? जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात, आणि औरंगाबाद निजामाच्या राज्यात. रझाकारांच्या भीतीनं खेड्यापाड्यांतली माणसं घरं टाकून हद्दीपलीकडे जात होती. घर टाकून, ऐकताय ना? तिकडे एक लहानसा देश घरं गोळा करत होता, इकडे माणसं कुलूप लावून निघाली होती. त्यानंतर अडीच महिन्यांनी, 17 सप्टेंबरला, आपण मोकळे झालो. तुलना करून कुणाला कमी लेखायचं नाही. पण ज्या पिढीला वेल्समध्ये घर जपायची उसंत मिळाली, त्या पिढीला इथं जीव जपायचा होता, एवढं ध्यानात असू द्या. पुढे आपण स्वतःला दोष द्यायला लागू, तेव्हा हे आठवेल.

आता आपल्या घराकडे येऊ. माळवदाचं घर. कुणी धाब्याचं म्हणतं. इथं बसलेल्यांपैकी किती जणांचा जन्म माळवदाखाली झाला? हात वर करा. ... बघा, पांढऱ्या केसांचे सगळे.

तरुण मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. दगडाच्या दोन भिंती, मधे मातीचा भराव, अशी हात-दीड हात जाडीची भिंत. आत लाकडी खांब. खांबावर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर काटक्या, त्यावर कडुनिंबाचा पाला, मग माती, आणि सगळ्यात वर पांढरी माती चोपून बसवलेली. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. घराचं माप चौरस फुटांत नसायचं, खणांत असायचं. 'पाच खणाचं घर आहे' म्हटलं की सोयरीक करणाऱ्याला काय कळायचं ते कळायचं. भिंतीत बळद, धान्य साठवायला. छताला साणं, त्यातून उजेड आत आणि धूर बाहेर. वाड्याला दिंडी दरवाजा आणि त्याच्या आत ढाळज, म्हणजे पाहुण्यांना, गड्यांना टेकायची जागा. उन्हाळ्यात बाहेर रस्ता तापलेला असताना माजघरात घोंगडी टाकून झोपता यायचं, ते या जाड भिंती आणि मातीच्या छतामुळे.

आणि मृगाच्या आधी माळवदावर नवी पांढरी माती टाकायची. हे वर्षाचं काम. घर बांधून संपत नसे, ते दरवर्षी थोडं थोडं बांधावं लागे. पाऊस लागून राहिला की रात्री गळतीखाली पातेली ठेवायची आणि उघाड पडली की वर जाऊन गळकी जागा तुडवायची.

ही पांढरी माती यायची कुठून? इथंच खरी गंमत आहे, आणि आम्हा इतिहासवाल्यांचं दुःखही. गाव म्हणजे पांढरी आणि शेत म्हणजे काळी, हा आपला जुना शब्दव्यवहार. जिथं पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहिली, चुली पेटल्या, राख पडली, भिंती पडून पुन्हा उठल्या, तिथली माती पांढुरकी होते. पाणी धरत नाही. म्हणून माळवदाला हीच हवी. मग गावाबाहेरची जुनी टेकाडं, ओस पडलेल्या गढ्या खणून लोक गाड्या भरून माती न्यायचे. म्हणजे आपल्या आज्याच्या डोक्यावर सातवाहनांची माती होती!

आपल्या जिल्ह्यातलं भोकरदन घ्या. जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांमध्ये भोगवर्धनच्या माणसांचे उल्लेख आहेत. 1973 साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून तिथं उत्खनन केलं, शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या देखरेखीखाली. तिथं एक भंगलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. तशाच घडणीची मूर्ती 1938 साली इटलीत पाँपेईला सापडली होती, इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या शहरात. मराठवाड्यातल्या तेरलाही अशीच एक मिळाली. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे हे काही पुराणवस्तूंचे प्राध्यापक नव्हते, व्यापारी होते. गावात माती खणताना, पावसानं टेकाड धुपल्यावर जे मणी, नाणी, खापरं, मूर्ती वर येत, ते त्यांनी जपून ठेवलं. त्यातून आजचं तेरचं संग्रहालय उभं राहिलं.

म्हणजे आपलं माळवद इतिहास जपतही होतं आणि खातही होतं. ज्या टेकाडात जुनं नगर होतं तेच खणून आपण डोक्यावर घेत होतो. एखाद्या जुन्या घराचं छत आज उतरवलं तर त्या मातीत खापराचे तुकडे, शंखाच्या बांगडीचा तुकडा, क्वचित मणी निघतो. छत उतरवणारा तो झाडून बाजूला करतो.

परत सेंट फॅगन्सला. तिथल्या दोन घरांपाशी आम्ही फार वेळ थांबलो.

पहिलं किलेवेंट. डोंगराळ मुलखातलं लांबट शेतघर. एकाच छपराखाली एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं, आत यायची वाट एकच. आमच्यातल्या एकानं आत पाऊल टाकताच म्हटलं, 'अरे, हे तर मामाचं घर!' गोठ्याच्या अंगाला नाक लावलं, तर शेणाचा वास काही येईना. संग्रहालयातल्या घराची ही मोठी उणीव. वास नेता येत नाही. जवळच केनिक्स्टन नावाचं दुसरं शेतघर आहे, लालभडक रंगवलेलं. लाल रंगानं वाईट शक्ती दूर राहतात अशी तिथली समजूत. आपल्या उंबऱ्यावरचं हळदीकुंकू, चौकटीला ठोकलेली घोड्याची नाल, शनिवारची लिंबू-मिरची. दाराला माणूस सगळीकडे सारखाच भितो.

पण खरं सांगायचं ते दुसऱ्या घराबद्दल. ते एक घर नाही, सहा घरांची चाळ आहे. रीडिकार. मर्थिर टिडफिल हे वेल्समधलं लोखंडाचं गाव. तिथं अठराव्या शतकाच्या शेवटी, लोखंडाच्या खाणीत राबणाऱ्यांसाठी क्रॉशे या कारखानदारानं ही घरं बांधली. 1979 च्या डिसेंबरात पूर आला, घरं राहण्याजोगी उरली नाहीत, पाडायचं ठरलं. संग्रहालयानं त्यातली सहा घरं आणली आणि 1987 साली उघडली. युक्ती अशी की सहाही घरं एकाच काळातली दाखवलेली नाहीत. पहिलं 1805 सालचं. दुसरं 1855, मग 1895, 1925, 1955 आणि शेवटचं 1985. घराचा सांगाडा तोच. पहिल्या दारातून आत गेलात तर चूल, लाकडी बाक, काळोख. शेवटच्या दारातून गेलात तर टीव्ही आणि गुबगुबीत सोफा. मागच्या परसातल्या भाज्यासुद्धा काळाप्रमाणे. दहा पावलांत पावणेदोनशे वर्षं.

आम्हाला तिथं जालना आठवलं. आपलंही लोखंडाचंच गाव आहे हो. भंगार येतं, वितळतं, सळई होऊन जातं. त्या भट्ट्यांवर उत्तरेकडून आलेली मुलं काम करतात, पत्र्याच्या खोल्यांत दहा-दहा जण राहतात. 'जालना सोने का पालना' ही म्हण आपण कौतुकानं सांगतो. पण पाळणा हलवणारे कुठल्या खोलीत झोपतात, याचा एक फोटो तरी कुठल्या स्मरणिकेत पाहिलाय?

इथं पीटसाहेबांबद्दलही थोडं कडवट बोललं पाहिजे. त्यांना खेड्यातलं, कारागिरांचं वेल्स प्रिय होतं. कोळसा, लोखंड, कामगार वस्त्या या त्यांच्या चित्रात जवळजवळ नव्हत्याच. वेल्सची निम्मी कहाणी खाणीतली, आणि संग्रहालयात आधी शेतघरं, विणकर, खोगीर करणारे. मजुरांची चाळ आली ती पीट जाऊन पाच वर्षं झाल्यावर. पुढे तिथं 1948 सालचं ॲल्युमिनियमचं तात्पुरतं घरही आणलं, युद्धानंतर घरांची टंचाई होती तेव्हा कारखान्यात तयार करून बसवत तसलं. म्हणजे संग्रहालय कुणाचं घर निवडतं, हा प्रश्न तिथंही सुटलेला नव्हता. चाळीस वर्षं लागली.

समजा, उद्या मराठवाड्यात असं संग्रहालय करायचं ठरलं. आपण काय आणू? पहिलं नाव येईल पाटलाच्या गढीचं किंवा देशमुखाच्या चौसोपी वाड्याचं. कोरीव खांब आहेत, दिंडी दरवाजा आहे, फोटो छान येतो. आणा, जरूर आणा. पण गावकुसाबाहेरचं घर? जिथं दगडी भिंत नव्हती, कुडाची होती, तुळईला सागवान मिळत नव्हतं, आणि छताला गावाची पांढरी मिळेल की नाही हेही गावाच्या मर्जीवर होतं? 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांमधली घरं जाळली गेली. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं. त्या जळालेल्या घरांचे आराखडे कुणी काढले नाहीत. तुळयांवर आकडे घालायला तुळया उरल्याच नव्हत्या. मराठवाड्याच्या घरांचं संग्रहालय ते घर वगळून झालं, तर ते फार सुंदर दिसेल, आणि खोटं असेल.

ऊसतोडीच्या कोपीचंही तेच. आपल्या जिल्ह्यातून दिवाळीनंतर कोयता घेऊन माणसं जातात. कारखान्याच्या परिसरात पाचट आणि बांबूची कोपी उभी करतात, आता वर प्लास्टिक असतं. उन्हाळ्यात मोडतात. दरवर्षी नवं घर. ते जतन कसं करायचं? आम्हाला वाटतं, त्याची वस्तू जपण्यापेक्षा बांधायची रीत जपावी लागेल. दरवर्षी बांधून दाखवायची, आणि बांधणाऱ्याला मजुरी द्यायची.

आपल्याकडे असं काहीच झालं नाही असं नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी, तेही कवीच, 'अज्ञातवासी', कोथरूडचा मस्तानी महाल सोडवून आणून आपल्या संग्रहालयात उभा केला. नागार्जुनसागर धरणाच्या पाण्यातून नागार्जुनकोंड्याचे अवशेष टेकडीवर नेले, ती टेकडी आता बेट आहे. चेन्नईजवळ 1996 साली दक्षिणचित्र सुरू झालं, तिथं दक्षिणेतल्या राज्यांतली जुनी घरं उतरवून आणली आहेत. कोल्हापूरजवळ कणेरी मठावर गावगाड्याचे सिमेंटचे पुतळे आहेत, शाळेच्या सहली जातात. छान आहे, पण ती घराची प्रतिकृती आहे, घर नव्हे. मराठवाड्याचं माळवद यात कुठंच नाही.

आणि कायदाही या बाबतीत फारसा कामाचा नाही. 1958 च्या केंद्रीय कायद्यात प्राचीन स्मारक म्हणजे निदान शंभर वर्षं जुनं असलं पाहिजे. त्यात देवळं आली, किल्ले आले, लेणी आली. माळवदाचं घर शंभर वर्षांचं झालं तरी त्याला कोण स्मारक म्हणणार? त्यात लोक राहतात ना!

आता कठीण भाग. किल्लारी. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती. लातूर-उस्मानाबादकडची दगड-मातीची घरं कोसळली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. ज्यांना त्या जाड भिंतींनी उन्हापासून वाचवलं होतं त्यांनाच त्या भिंतींनी मारलं. वर वर्षानुवर्षं माती टाकून टाकून छत फूट-फूट वाढलेलं, त्याचं ओझं. बावन्न गावं उठवून दुसरीकडे वसवली. तेव्हापासून माळवद या शब्दाला मराठवाड्यात भीतीचा वास आहे. पण अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: काही घरांत भिंती बाहेर पडल्या आणि आतला लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला. म्हणजे दोष लाकडाच्या चौकटीचा नव्हता, न बांधलेल्या दगडी भिंतीचा आणि वरच्या मातीचा होता. ही बारीक गोष्ट कुणी ऐकून घेतली नाही. भूक लागलेल्या माणसाला पाककृती सांगू नये, तसंच ते होतं.

अंबड तालुक्यातल्या एका गावात आम्ही सात खणांचं एक घर मोजायला जायचं ठरवलं होतं. नाव सांगत नाही. चौकटीवर गणपती, दोन्ही बाजूंना पोपट, खांबांच्या हस्तांवर कमळं. मालक म्हणाले, 'दिवाळीनंतर या, आता सोंगणीची गडबड आहे.' दिवाळीनंतर गेलो तर जेसीबी जाऊन चार दिवस झाले होते. चौकट शहरातल्या जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला गेली होती. एखाद्या हॉटेलात ती आता आरशाभोवती असेल. आम्हाला राग आला, खोटं कशाला बोला. मग घरच्या बाई म्हणाल्या, 'तुम्हाला चार तास बघायचं असतंय. मला त्यात साप निघालेला. पोरीला बघायला आलेले पाहुणे माळवद बघून परत गेले.' यावर आम्ही काय बोलणार? चहा घेतला. बाईंनी बळदाचं झाकण तेवढं ठेवलं होतं, ते दाखवलं. त्याच्यावर आता मिक्सर ठेवतात.

सेंट फॅगन्सनं ही अडचण अशी सोडवली की घर गेलं तरी ते घरमालकाच्या गळ्यात राहत नाही. संग्रहालय ते घेतं, मालकाला नवं घर बांधायला मोकळं करतं. आपल्याकडे माळवद मोडणाऱ्याला कुणी विचारतच नाही की बाबा, आम्हाला दे. ना पंचायत, ना विद्यापीठ, ना आम्ही. आम्ही दिवाळीनंतर जातो.

तर आता करायचं काय, हे विचारायला कुणीतरी उठेलच, म्हणून आधीच सांगून टाकतो. जमीन, पैसा, इमारत या लांबच्या गोष्टी. मोजपट्टी, वही आणि मोबाइल आज आहे. पुढच्या महिन्यात इथंच आपण घरांची मोजणी शिकणार आहोत. येताना आपल्या किंवा शेजारच्या एका माळवदाची माहिती आणा: खण किती, तुळई कुठल्या लाकडाची, पांढरी कुठून आणली होती, साणं कुठं होतं, बळद किती पोत्यांचं. घर पडलं असेल तरी चालेल. आजी असेल तर तिच्याकडून जमिनीवर काडीनं आराखडा काढून घ्या, तिला खोल्यांची नावं पाठ असतात. पत्र्याच्या खोलीत राहत असाल तर त्या खोलीचं माप आणा. कोपीत राहिला असाल तर कोपीचं.

आता प्रश्न घेऊ. मागचा माइक चालू आहे का बघा जरा.